आर्बोरिस्ट परीक्षेसाठी झाडं ओळखायचा अभ्यास साताऱ्यात राहून कसा करायचा

आयएसएची (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर) सर्टिफाइड आर्बोरिस्टची, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या जाणकाराची, परीक्षा द्यायची ठरवली की पहिल्यांदा सगळे छाटणी, रोग, सेफ्टी, दोरखंड असल्या विषयांना हात घालतात, कारण ते रोजच्या कामातले असतात, आणि झाडं ओळखायचा भाग मागे ढकलतात. मग शेवटच्या महिन्यात मोबाईलमध्ये फोटो साठवून पाठांतर सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे की फोटो पाठ करून झाड ओळखता येत नाही. फोटोतलं झाड तेवढंच ओळखू येतं, तेच झाड जानेवारीत पानं गळलेलं दिसलं किंवा कोवळ्या पालवीत दिसलं की माणूस गडबडतो. झाडाला ठराविक क्रमाने प्रश्न विचारायची सवय लावली तर मात्र कधी न बघितलेलं झाडसुद्धा निदान फॅमिलीपर्यंत, म्हणजे त्याच्या कुळापर्यंत, नेता येतं, आणि परीक्षेत तेच लागतं.

आधी परीक्षेबद्दल थोडं. प्रश्न बहुपर्यायी असतात, विषय दहा, त्यातला एक म्हणजे झाडाची ओळख आणि निवड. हे दोन्ही एकाच विषयात आहेत हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे नुसतं 'हे कोणतं झाड' एवढ्यावर भागत नाही, 'हे झाड इथं लावावं का' हेही त्यात आलं. बसायला तीन वर्षं पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो, किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून अट पूर्ण करता येते. बाकी फी, सेंटर, तारखा बदलत राहतात त्यामुळे त्या आयएसएच्या साइटवरच बघा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

आता आपल्या भागाचा फायदा. सातारा जिल्ह्याइतकी सोय फार कमी ठिकाणी आहे. एका टोकाला महाबळेश्वर, पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, दुसऱ्या टोकाला माण-खटाव, तिथं पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. म्हणजे एकाच दिवसात मोटारसायकलवर सदाहरित जंगलातली जांभूळ-अंजनी आणि माळावरची बाभूळ-बोर दोन्ही बघून घरी येता येतं. सांगलीकरांना सागरेश्वर आहे, दंडोबा आहे, शहरात आमराई आहे. फक्त एक, सागरेश्वर अभयारण्य आहे आणि कासला पठारावर कडक नियम आहेत, तिथं फांदी तोडायची नाही, पान सुद्धा खाली पडलेलंच उचलायचं. तोडून बघायचा सराव आपल्या बांधावर, सोसायटीत, किंवा छाटणी चालू असेल तिथं करा. छाटणीच्या जागेवर तर सोनं पडलेलं असतं, एरवी चाळीस फुटावर असलेली फांदी कळी-फळासकट पायाशी येते.

सामान फार लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग घ्या, छोटी पट्टी, वही, पेन्सिल, आणि जुने पेपर. बस.

पहिला प्रश्न: पानं फांदीवर बसलीत कशी

पान हातात घेऊन बघायच्या आधी पान फांदीला कुठं चिकटलंय ते बघा. तीनच प्रकार. समोरासमोर, एकाआड एक, किंवा एकाच पेरावर तीन-चार-सात पानांचं कडं. हा प्रश्न पहिला का, तर याने एका झटक्यात अर्ध्याहून जास्त झाडं बाद होतात. बहुतेक झाडांची पानं एकाआड एक असतात, समोरासमोरवाली कमी, म्हणून समोरासमोरवालीच पाठ करायची.

अमेरिकेतल्या मुलांना यासाठी 'मॅड कॅप हॉर्स' हे इंग्रजी आद्याक्षरांचं वाक्य शिकवतात, मेपल, ॲश, डॉगवुड, कॅप्रिफोलिएसी फॅमिली आणि हॉर्स चेस्टनट. परीक्षेसाठी ते पाठच करा. पण आपल्या झाडांसाठी मी पोरांना 'कसा जाशी पार' सांगतो, कदंब, साग, जांभूळ, शिवण, पारिजातक. पाचही समोरासमोर. त्यात ताम्हण, कुडा, अंजनी, गेळा आणि जकरंडा नंतर जोडून घ्या. ताम्हणाची पानं कधी कधी किंचित वरखाली सरकलेली असतात, अर्जुनाचंही तसंच, त्यामुळे एकाच पेरावरून निकाल देऊ नका, फांदीवरची चार-पाच पेरं बघा. आणि निलगिरीचं लक्षात ठेवा, कोवळ्या रोपाची पानं समोरासमोर आणि मोठ्या झाडाची एकाआड एक. वय बदललं की पान बदलतं असा प्रश्न विचारायला हे झाड फार सोयीचं आहे.

दुसरा प्रश्न: हे एक पान आहे का पानाचा तुकडा

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. कडुलिंबाची जी छोटी छोटी 'पानं' आपण म्हणतो त्या पर्णिका, अख्खी काडी मिळून एक पान. ओळखायचं कसं? कळी शोधा. पानाच्या देठाच्या बेचक्यात, म्हणजे जिथं देठ फांदीला मिळतो तिथं कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात कळी कधीच नसते. भिंगातून बघितलं की चटकन दिसतं.

आता साताऱ्यात कुठल्याही रस्त्यावर दिसणाऱ्या दोन झाडांवर हे करून बघा, सप्तपर्णी आणि काटेसावर. दोन्हीकडे बोटं पसरल्यासारखी पाच-सात पानं एका जागेतून निघालेली दिसतात. लांबून बघून दोन्हीला एकच वर्णन लावलं की चुकलात. सावरीची सगळी बोटं एका लांब देठाच्या टोकावर असतात, तो देठ फांदीला मिळतो तिथं कळी, आणि पान गळताना सुट्टी बोटं आधी पडली तरी शेवटी देठही गळून पडतो. म्हणजे ते एक संयुक्त पान. सप्तपर्णीत असा सामाईक देठच नाही, प्रत्येक पान स्वतःच्या आखूड देठाने थेट फांदीला चिकटलेलं, एका पेरावर सगळी गोल बसलेली. म्हणजे साधी पानं, वर्तुळाकार मांडणी. शिवाय सप्तपर्णीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, सावरीला येत नाही. सावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. या एका जोडीत मांडणी, साधं-संयुक्त, चीक आणि काटे असे चार मुद्दे पक्के होतात, म्हणून नवीन माणसाला मी पहिल्यांदा हीच जोडी दाखवतो.

संयुक्त पानात पुढं एकदा विभागलेलं आणि दोनदा विभागलेलं हा फरक येतो. कडुलिंब एकदा, बकाण निंब दोन-तीनदा. दोघांचं नाव निंब, दोघं एकाच मेलिएसी फॅमिलीतले, पण एकदा हा फरक बघितला की पुन्हा गोंधळ होत नाही. महारुखाचं पानही कडुलिंबासारखंच एकदा विभागलेलं पण भलतंच लांब, फॅमिलीही वेगळी.

मग चीक, वास, गाठी आणि वळ

पान चुरडा आणि वास घ्या. आंब्याच्या पानाला कैरीचा वास येतो, जांभळाला आणि निलगिरीला तेलकट सुगंध, बेलाला बेलाचा. पान उजेडात धरलं की जांभळाच्या कडेलगत एक बारीक शिर सगळ्या पानाला वळसा घालून गेलेली दिसते. मिर्टेसी फॅमिलीची ही खूण आहे.

पण चुरडायच्या आधी बिब्बा ओळखायला शिका. त्याच्या रसाने कातडीला फोड येतात आणि ते दिवसेंदिवस जात नाहीत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. अनोळखी झाडाचा चीक बघायचा तर पानाचं टोक काडीने खुडा, हात लगेच धुवा, आणि चव मात्र कशाचीही घेऊ नका.

चीक आला की दोन मोठ्या फॅमिली समोर येतात, मोरेसी म्हणजे वड-पिंपळ-उंबर-फणस, आणि अपोसायनेसी म्हणजे चाफा-सप्तपर्णी-कुडा. दोघांतला फरक फांदीवर असतो. वडाच्या किंवा पिंपळाच्या फांदीचं टोक बघा, कोवळ्या कळीवर एक टोकदार टोपी असते, ती गळून पडली की फांदीला चारी बाजूंनी बारीक वळ उमटतो, बांगडी फिरवल्यासारखा. प्रत्येक पेरावर तो वळ. फायकसचं, म्हणजे वड-पिंपळ-उंबर गटातल्या झाडाचं, एकही पान नसेल आणि नुसती फांदी हातात असेल तरी या वळावरून आणि चिकावरून सांगता येतं. मग पुढं वडाचं पान रुंद जाड, पारंब्या, पिंपळाचं लांब शेपटीचं, उंबराची फळं थेट खोडावर घोसाने आणि पारंब्या सहसा नाहीत. पारंब्यांचं गणित समजायचं तर जावळी तालुक्यातल्या म्हसव्याच्या वडाबद्दल माहिती काढा, १८८२ साली त्याच्या सावलीचा घेर १,५८७ फूट मोजला होता. पारंबी जमिनीत रुजली की तिचं खोड होतं आणि फांदीला आधार मिळतो. आर्बोरिस्टने हे समजून घेतलंच पाहिजे, कारण रस्त्याला अडचण होते म्हणून सरसकट पारंब्या कापल्या की त्या लांब आडव्या फांद्यांचा पुढचा आधार आपणच काढून घेतो.

गाठींचं सांगायचं तर टर्मिनॅलिया बघा. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा चौघं याच एका जीनसचे, म्हणजे फॅमिलीच्या आतल्या एका छोट्या गटाचे. पान उलटं करून देठाला मिळतं तिथं बघा, हिरड्याला देठाच्या टोकाशी दोन बारीक गाठी, ऐनाला पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेवर बुडाशी. या गाठी दिसल्या की टर्मिनॅलियाचा संशय घ्यायचा. मग सालीकडे या. ऐनाची साल काळपट, खोल भेगांची, चौकोनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट राखाडी, पापुद्रे निघणारी, आणि झाड बहुतेक ओढ्या-नदीकाठी. फळ मिळालं तर प्रश्नच मिटला, अर्जुनाला पाच पंख, ऐनाच्या फळाचे पंख जास्त रुंद, हिरडा-बेहड्याला पंखच नाहीत. बेहड्याची पानं फांदीच्या टोकाला गर्दी करून बसतात.

जोड्या लावून शिका

एकेक झाड वेगळं पाठ केलं की डोक्यात राहत नाही. ज्याच्याशी घोटाळा होतो त्याला शेजारी ठेवून शिका. माझी सगळ्यात आवडती तिकडी गुलमोहर, जकरंडा आणि पीतमोहर. फुलं असताना शेंबडं पोरही ओळखेल, पण ऑगस्टमध्ये तिघांचीही नुसती बारीक नक्षीची हिरवी पानं असतात. पहिला प्रश्न विचारा, मांडणी. जकरंडा समोरासमोर, सुटला. राहिले दोन, दोघं एकाआड एक. आता कोवळ्या पानाच्या देठाच्या बुडाशी बघा, गुलमोहराला तिथं बारीक पिसासारखे फाटलेले दोन उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी छोटी वाढ, असतात. पीतमोहराची कोवळी टोकं आणि कळ्या तांबूस गंजासारख्या लवीने भरलेल्या. आणि झाडाखाली बघितलं तर गुलमोहराची हातभर लांब लाकडी शेंग, पीतमोहराची चपटी छोटी तांब्याच्या रंगाची.

पळस आणि पांगारा, दोघांना तीन पर्णिका, दोघांना लाल-केशरी फुलं, दोघं फुलताना निष्पर्ण. पांगाऱ्याच्या फांदीला काटे, पळसाला नाहीत, आणि पळसाच्या पर्णिका जाड चामड्यासारख्या. शिरीष आणि रेन ट्री, शिरीषाची शेंग वाळून पेंढ्याच्या रंगाची होते आणि वाऱ्यावर खुळखुळते, रेन ट्रीची गरदार काळपट आणि गुरं आवडीने खातात. बाभूळ आणि विलायती चिंच, बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी आवळलेली, विलायती चिंचेच्या पानाला जेमतेम चार पर्णिका. आपटा आणि कांचन ही जोडी दसऱ्याला सगळ्यांनाच पडते, आपट्याचं पान लहान, रुंदीला जास्त.

सुरू आणि सिल्व्हर ओक यांना वेगळी जागा द्या. सुरूच्या हिरव्या सुया पानं नव्हेतच, त्या सांधे असलेल्या बारीक फांद्या आहेत, ओढली की सांध्यात तुटते, पानं त्या सांध्यावर दातऱ्यांसारखी असतात. म्हणजे सुरू हा पाइनचा भाऊबंद नाही. आणि पाचगणी-महाबळेश्वरात दिसणारा सिल्व्हर ओक हा ओक नाही, ग्रेव्हिलिया आहे, पान फाटलेलं आणि खालून चंदेरी.

जी झाडं इथं नाहीतच त्यांचं काय

खरा ओक, मेपल, स्प्रूस साताऱ्यात रस्त्यावर भेटणार नाहीत. तरी परीक्षेची भाषा तिकडची आहे, त्यामुळे मोठे फरक माहीत पाहिजेत. ओकचे दोन मोठे गट, व्हाइट ओक गटात पानाच्या पाळ्या गोलसर आणि फळ साधारण एका हंगामात तयार, रेड ओक गटात पाळ्यांच्या टोकाला केसासारखं टोक आणि फळाला बहुधा दोन हंगाम. मेपल आणि स्वीटगम दोघांचं पान पंजासारखं, पण मेपल समोरासमोर, स्वीटगम एकाआड एक. पुन्हा आपला पहिलाच प्रश्न कामाला आला बघा. पाइनच्या सुया जुडीने येतात, दोन, तीन किंवा पाच. स्प्रूसची सुई चौकोनी, बोटात फिरते, आणि पडल्यावर फांदीवर खुंटी राहते. फरची चपटी, फिरत नाही, खुंटीही नाही. गिंकगोचं पान पंख्यासारखं, नर-मादी झाडं वेगळी. बाल्ड सायप्रस सूचिपर्णी असूनही पानं गाळतो. एवढं नीट आलं तरी पुष्कळ झालं.

तिकडच्या अभ्यासात हिवाळी ओळखीला मोठं महत्त्व आहे, म्हणजे पानं नसताना नुसत्या काडीवरून. आपल्याला हा सराव फेब्रुवारी-मार्चमध्ये फुकट मिळतो. यवतेश्वरच्या घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जा, साग, मोई, पळस, सावर उघडी पडलेली असतात. काडी हातात घ्या आणि पान गळल्याची खूण बघा, तिचा आकार, तिच्यात नसांचे ठिपके किती, टोकाला कळी आहे का, काडी गोल का चौकोनी. सागाची कोवळी काडी चौकोनी असते. चाफ्याच्या जाड फांदीवर पान गळल्याचे मोठे ठसे राहतात. हा महिना वाया घालवू नका, एप्रिल आला की पालवी फुटते आणि वर्षभर थांबावं लागतं.

नावं

अशोक म्हटलं की सीतेचा अशोक सराका असोका का बंगल्याच्या कंपाउंडला लावतात तो उंच उभा पॉलिअल्थिया? म्हणून शास्त्रीय नाव लिहायचंच. पहिला शब्द जीनस, मोठ्या अक्षराने, दुसरा लहान अक्षराने. दोन नावांच्या मध्ये गुणाकाराची खूण असेल तर संकर, लंडन प्लेनच्या नावात असते तशी. एकेरी अवतरण चिन्हात असेल तर मुद्दाम जोपासलेला वाण. नावं बदलतात त्याचाही त्रास होतो, बाभूळ आधी अकेशिया होती ती वाचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला, साग व्हर्बिनेसीतून लॅमिएसीत गेला, सावर आता माल्वेसीत. जुन्या पुस्तकात जुनं सापडेल, वहीत दोन्ही लिहून ठेवा. आणि जीनसच्या आधी फॅमिली पाठ करा, दहा-बारा फॅमिलींच्या खुणा आल्या की बाकीचं त्यांच्यावर टांगता येतं. रुबिएसी म्हणजे समोरासमोर पानं आणि दोन देठांच्या मधोमध फांदीवर उपपर्ण, कदंब घ्या नाहीतर गेळा, खूण तीच.

ओळख झाली, आता निवड

प्रत्येक झाडाचं एक कार्ड करा (कसं ते खाली वेळापत्रकात आहे) आणि त्यावर नाव आणि खुणांच्या खाली तीन गोष्टी लिहा, पूर्ण वाढल्यावर उंची-घेर किती, कुठल्या जमिनीत टिकतं, आणि लाकूड ठिसूळ का चिवट. सांगली-वाळव्याकडं कृष्णाकाठी पाटपाण्याने आणि उसाने जमिनी क्षारपड झाल्यात, तिथं करंज, बाभूळ, सुरू तग धरतात. विजेच्या तारेखाली रेन ट्री लावला की जन्मभर छाटत बसायचं. गुलमोहर आणि स्पॅथोडियाच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात, पार्किंगवर लावू नये. परीक्षेत असाच प्रसंग देऊन झाड निवडायला सांगतात.

कामातही याला किंमत आहे. शहरी भागासाठी राज्यात १९७५ चा झाडं जतनाचा कायदा आहे, त्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री धरलं जातं. अहवालात जात चुकली की वयाचा अंदाज चुकतो, कारण वाढीचा वेग जातीवर आहे, आणि त्या झाडाचा निकालच फिरू शकतो. महामार्ग रुंद करताना आपल्याकडचे किती जुने वड गेले ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे यात हलगर्जी नको.

आठवड्याचं वेळापत्रक

रोज अर्धा तास पुरे. आठवड्याला सात-आठ नवी झाडं, त्यापेक्षा जास्त नको. पेपरमध्ये दाबून वाळवलेली काडी जाड कागदावर चिकटवा, मागे नाव-फॅमिली-तीन खुणा, हेच कार्ड. दुसऱ्या दिवशी उजळणी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात. रविवारी दोघं-तिघं मिळून प्रत्येकाने पाच काड्या पिशवीत घालून आणायच्या आणि एकमेकांना विचारायच्या, उत्तर देणाऱ्याने नाव सांगायच्या आधी मांडणी, पानाचा प्रकार आणि एक खूण मोठ्याने सांगायचीच, नाहीतर मार्क नाही. मोबाईलचं ओळखायचं ॲप वापरा, पण आपलं उत्तर वहीत लिहून झाल्यावरच.

परीक्षेत अनोळखी नाव आलं तर आधी पर्याय बाद करा. प्रश्नात 'समोरासमोर' असा शब्द असेल तर ओक, एल्म, बर्च लगेच खोडा, तिघंही एकाआड एक. 'संयुक्त' आलं तर मेपल खोडायची घाई करू नका, बॉक्सएल्डर हा मेपलच आहे आणि त्याचं पान संयुक्त असतं.